‘आमचा वाडा पेशवेकालीन आहे का?’ आणि इतर प्रश्न

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा दुमजली वाडा आहे. आजेसासऱ्यांनी तो विकत घेतला. त्याआधी कुणाचा होता हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आज तो तिघा भावांच्या नावावर आहे, शिवाय रस्त्याकडच्या बाजूला दोन भाडेकरू. एका बिल्डरची ऑफर आली आहे : प्रत्येकाला फ्लॅट, वर काही रक्कम, आणि पाडकामाचा सगळा खर्च त्याचा. मोठे दीर म्हणतात, वाडा पेशवेकालीन आहे, पाडायचा नाही म्हणजे नाही. जाऊबाई म्हणतात, एकदा हेरिटेजचा शिक्का बसला की भिंतीत खिळा ठोकायचीही चोरी, आणि भाव पडेल तो वेगळाच. आमचे हे दोघांचंही ऐकून घेतात आणि पुन्हा पेपर उघडतात. मध्यंतरी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, त्यात ‘इमारत राहण्यास अयोग्य’ असा शेरा आला आहे. मागच्या भिंतीला कायम ओल असते आणि माजघरातल्या एका खांबाचा तळ नखाने उकरला तरी भुसा निघतो. आमच्या घराला खरंच काही हेरिटेज मूल्य आहे का? असेल तर ते ठरवतं कोण? सोबत फोटो आणि ऑडिटची प्रत.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, एरवी मी फोटोंवर उत्तर देतो. पण तुमचा वाडा माझ्या घरापासून सायकलवर बारा मिनिटांवर निघाला, म्हणून फोन करून आलोच. चहाबद्दल आभार. तुमच्या ह्यांनी मी असेपर्यंत पेपर खाली ठेवला नाही, पण जिन्याची तिसरी पायरी हलते हे बातमीतून मान वर न काढता त्यांनीच सांगितलं. घरावर त्यांचं लक्ष नाही असं काही नाही.

आधी ऑडिटचं बोलतो. सोळा पानांचा अहवाल, त्यातली अकरा पानं छापील नमुन्याची. कॉलम, बीम, स्लॅब, सळ्यांवरचं कव्हर असे रकाने, आणि ‘काँक्रीटची स्थिती’ या रकान्यासमोर ‘खराब’ असं लिहिलेलं. तुमच्या वाड्यात काँक्रीट आहे ते फक्त मागच्या संडासाच्या स्लॅबमध्ये. रिबाउंड हॅमर नावाचं उपकरण काँक्रीटचा टणकपणा अजमावायला असतं. ते चुना-विटेच्या भिंतीवर आपटून आलेले आकडे काँक्रीटच्या तक्त्याशी ताडून पाहिले, तर जगातला कुठलाही वाडा नापासच होणार. लाकडाबद्दल अख्ख्या अहवालात एकच वाक्य आहे : ‘लाकडी भाग जुने आहेत.’ हे कळायला ऑडिट कशाला करायचं?

माझा आवाज इथे जरा चढतो, त्याचं कारण खाली येईलच.

वाडा उभा असतो तो खणांवर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुन्या कागदपत्रांत घर फुटांत नव्हे, खणांत मोजलेलं सापडतं. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी उथळ्यावर, म्हणजे बैठकीवर, ठेवलेला असतो. खांबाच्या डोक्यावर हस्त (तुळईला आधार देणारा आडवा लाकडी तुकडा), हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर माती-चुन्याचा जाड थर. तोच थर वरच्या माडीची जमीन असतो. हे झालं उघड्यावर दिसणारं. भिंतीच्या पोटातही असेच खांब दडलेले असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, भिंतीनेच सगळं पेललंय. भिंत ऊन-पाऊस अडवते आणि खांबांना बाजूने धरून ठेवते. माडीचं आणि छपराचं वजन उचलतं ते लाकूड. भिंतीला भेग गेली म्हणजे वाडा चालला, हे काँक्रीटच्या किंवा नुसत्या विटेच्या घरावरून काढलेलं अनुमान आहे.

आता माझी गोष्ट. आमचं घर नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आम्हा पोरांना पर्वतीच्या पायथ्याशी एका नातेवाइकांकडे पोचवलं होतं. पाणी ओसरल्यावर वडील आणि काका परत गेले तेव्हा नदीकडच्या दोन भिंती जागेवर नव्हत्या, माती होऊन वाहून गेल्या होत्या. खांब होते. माडी होती. माडीतल्या खुंटीला काकांची टोपी तशीच अडकलेली होती आणि ती कोरडी होती. ही टोपीची हकीकत आमच्याकडे पुढे पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात सांगितली गेली.

नंतर भिंती पुन्हा बांधल्या. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. वडिलांनी खटपटी करून ते मिळवलं याचा घरात कोण अभिमान! नव्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला आणि गवंड्याने तो भिंतीत असलेल्या खांबांवरूनही सरसकट ओढला. सगळं कसं गुळगुळीत, धुता येण्याजोगं. आई खूश होती.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमचा वाडा बैलगाडीसारखा कुरकुरला, चार-दोन कौलं निसटली आणि पुन्हा गप्प झाला. याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मला वाटायला मी इंजिनिअर व्हावं लागलं, आणि झाल्यावरही उशिराच वाटलं.

१९८८ साली भाऊबंदांमध्ये वाडा पाडण्याचा विषय निघाला तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो. बरीच काँक्रीटची कामं हाताखालून गेलेली. घरात मीच जाणकार. माजघरातल्या दोन खांबांचे तळ मी पेचकसाने उकरले, भुसा निघाला, आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की या सांगाड्याचं आयुष्य संपलं. माझ्या शब्दावर सह्या झाल्या.

ठेकेदाराने पाडायला चार दिवस धरले होते. लागले अकरा. सांध्यांमधल्या लाकडी खुंट्या निघेनात. शेवटी मजुरांनी हस्त करवतीने कापून खांब सोडवले. मी रोज ऑफिसच्या आधी जाऊन उभा राहायचो. भिंतीतले आणि उघडे असे मिळून चोवीस खांब उतरले, त्यात तळाशी कुजलेले चार. तेही वीतभर. वर सगळं लाकूड शाबूत, आणि कापलं की ताज्या सागाचा वास. कुजलेले चारही खांब त्या सिमेंटच्या भिंतींमधले किंवा त्यांना चिकटलेले होते. ओसरीचे सहा खांब मोकळ्या हवेतले, ते तळापर्यंत खणखणीत.

उतरवलेले खांब आडवे पडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. खांबाच्या टोकाला जे कुसू असतं, हस्ताच्या भोकात बसणारं, त्याच्या शेजारी छिन्नीने मारलेल्या रेघा होत्या. पहिल्या खांबाला एक, दुसऱ्याला दोन, असं सहापर्यंत, आणि ओसरीच्या प्रत्येक खांबावर रेघांच्या बाजूला एक छोटी फुली. माजघराच्या खांबांवर फुली नव्हती, नुसत्या रेघा. सुतारांनी आधी सगळा सांगाडा खाली जुळवून पाहिला, खुणा केल्या, सुटा केला आणि मग वर चढवला. म्हणजे ज्यांनी बांधला त्यांना तो सोडवताही येत होता. एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच बदलायचा, अशीच त्याची रचना होती. मी त्या घरात जन्मलो, तिथेच वाढलो आणि ‘आयुष्य संपलं’ असं सांगून मोकळा झालो होतो. लाकूड भवानी पेठेतल्या एका वखारीत घनफुटाच्या भावाने गेलं. आलेल्या पैशांतून वाटणीला स्कूटर आली.

तर ताई, तुमच्या माजघरातला तो खांब. तुम्ही पाहिलंतच, मी पेचकस टोचत टोचत वर गेलो. तळाशी चार बोटं पेचकस लोण्यात शिरावा तसा शिरला, वीतभर उंचीवर अडला, त्याच्यावर टोकही रुतेना. मुठीने ठोकलं तर खाली बद आवाज आणि वर टणक. मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आहे, तो भाडेकरूंनी १९९४ साली स्वखर्चाने केला असं तुम्ही कौतुकाने सांगितलंत. त्याच भिंतीला लागून न्हाणीचं सांडपाणी जातं. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच, सगळ्याच भिंतींत चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंटचा कोंडून ठेवतो. कोंडलेली ओल मग लाकडात जाते. लाकडात पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर राहू लागलं की बुरशी धरते. कोरडं ठेवलेलं सागवान दोनशे वर्षं काढतं आणि ओलीत कोंडलेलं पंचवीस वर्षांत भुसा होतं. तुमचा खांब म्हातारपणाने कुजलेला नाही.

दुरुस्ती आहे. शेजारी जॅक लावून तुळईचा भार तात्पुरता उचलायचा, कुजलेला तळ कापायचा, त्या जागी जुन्याच सागाचा तुकडा तिरका सांधा करून बसवायचा, खाली उथळा. चांगला सुतार आणि त्याच्यावर नजर ठेवणारा, लाकूड समजणारा इंजिनिअर असेल तर चार-पाच दिवसांचं काम. पण ते होईपर्यंत त्या खांबाशेजारी दोन्ही बाजूंनी धिरे लावा आणि त्या खोलीच्या वरच्या माडीतलं पुस्तकांचं कपाट हलवा. हे उद्यावर टाकू नका. वाड्यावर प्रेम म्हणून धोक्याकडे काणाडोळा करा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

आता पेशवेकालीनचं. पुण्यात प्रत्येक जुनं घर पेशवेकालीन असतं आणि त्यातलं प्रत्येक भुयार शनिवारवाड्यात निघतं. मोठ्या दिरांना वाईट वाटेल, पण तुमचा वाडा मला १८१८ च्या आधीचा वाटत नाही. पेशवाईच्या शेवटच्या काळातलं लाकूडकाम कसं असतं ते पाहायचं तर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहावं. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, १८०७ चा. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, केळफुलाची नक्षी. तुमच्या ओसरीचे खांब चौकोनी, नुसते कोपरे मारलेले. अर्थात एवढ्यावरून ठरवू नये. सुरूचे खांब इंग्रजी अमलातही घडवले जात होते आणि साधे खांब पेशवाईतही होतेच. म्हणून मी विटा पाहिल्या. जिन्याखाली गिलावा निसटलाय तिथे त्या दिसतात : जाड, साच्यातल्या, सगळ्या एका मापाच्या. मराठेशाहीतली वीट पातळ असते, चपटी. माडीच्या सज्जाला बिडाचा ओतीव कठडा आहे, तो मुळातला दिसतो, कारण तो बसवण्यासाठी लाकडात घेतलेल्या खाचा लाकडाच्याच वयाच्या आहेत. छपरावर मंगलोरी कौलं आहेत आणि मंगलोरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. कौलं मागाहून बदलता येतात, म्हणून हा पुरावा दुबळा. पण सगळं एकत्र धरलं तर तुमचं घर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांतलं असावं. मिळकत पत्रिकेवरच्या जुन्या नोंदी आणि आजेसासऱ्यांचं खरेदीखत काढलंत तर याहून नेमकं कळेल. खरेदीखतात चतुःसीमा आणि खणांचं वर्णन बहुतेक असतं. ते वर्णन आजच्या घराशी ताडून पाहा, त्यात फार मजा असते.

पेशवेकालीन नाही म्हणून मोल कमी होत नाही. कुणी मोठा माणूस इथे राहिला नाही, कसली सभा भरली नाही, नक्षीही बेताची. पण तुमचा चौक पूर्ण आहे. बारा खांब, चारी बाजूंची पडवी, मधे तुळस, कोपऱ्यात बुजवलेला हौद. पेठांतल्या उरलेल्या वाड्यांपैकी कितीतरींचा दर्शनी भाग तेवढा राहिलाय, मागे सिमेंटच्या खोल्या. तुमच्याकडे दिंडी दरवाज्यापासून मागच्या परसापर्यंत एकच सांगाडा एकसंध उभा आहे. दरवाज्यामागे अडसराचं भोक आहे, आत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि त्याची खालची कड अडसर ओढून ओढून गुळगुळीत झालीय. देवघराच्या कोनाड्यात मी एका जागी रुपयाच्या नाण्याने खरवडलं. वरून ऑइलपेंट, मग पिस्ता, मग निळीचा चुना, मग नुसता पांढरा, पुन्हा निळा, पुन्हा पांढरा. तेरा थर मोजले, पुढे माझा चष्मा अपुरा पडला. १८९७ च्या प्लेगात पुण्यातली घरंच्या घरं चुन्याने पांढरी करून घेतली होती. त्या थरांमधला एखादा तेव्हाचाही असू शकेल. हे सगळं एकत्र, आहे त्या जागी, आहे त्या गल्लीत आहे, याला मूल्य म्हणायचं. कोरीव खांब सुटा काढून रिसॉर्टच्या दारात उभा केला की तो शोभेचा खांब होतो.

ठरवतं कोण? कागदोपत्री महापालिका. वारसा वास्तूंची यादी असते, त्यात पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी. जाऊबाईंची खिळ्याची भीती पहिल्या श्रेणीपुरती थोडीफार खरी आहे, तिथे मजबुतीसाठी लागेल तेवढाच हात लावता येतो. दुसरीत आतले बदल बरेचसे करता येतात, बाहेरच्या रूपावर कडक नजर असते. तिसरीत आतून-बाहेरून बदल आणि वापरातला बदल बहुतांशी मान्य होतो, परवानगी घेऊन. तुमचं घर यादीत गेलंच तर तिसरीत जाईल असा माझा अंदाज. आणि यादीत नाव आलं म्हणजे घर सरकारजमा झालं असं नाही. मालकी तुमची, विकायचा हक्क तुमचा, भाडेकरूंची डोकेदुखीही तुमचीच. भावाबद्दल मात्र त्या अगदीच चूक नाहीत. जिथे मजले चढवता येत नाहीत तिथे बिल्डर पाठ फिरवतो. न वापरता येणाऱ्या एफएसआयच्या (जागेवर जेवढं बांधायची मुभा असते त्याच्या) बदल्यात वारसा वास्तूला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामहक्क, मिळण्याची तरतूद नियमांत आहे. तुमच्या बाबतीत तो किती बसेल हे चांगल्या आर्किटेक्टकडून कागदावर मांडून घ्या आणि ते आकडे बिल्डरच्या ऑफरशेजारी ठेवा. तिघा भावांनी ते एकत्र बसून पाहावं. फोनवर नको.

ऑफरचा मसुदा तुम्ही दाखवलात. त्यातला बारावा मुद्दा कुणी वाचला होता का? ‘पाडकाम विकसक स्वखर्चाने करेल व निघणारा मलबा विकसकाचा राहील.’ मलबा म्हणजे तुमच्या घरातलं सगळं सागवान, ताई. कड्या, पाट, तुळया, बारा अधिक भिंतीतले खांब, दरवाजे, कोनाड्यांच्या चौकटी. पाडायचंच असं उद्या ठरलं तरी ते लाकूड मोजल्याशिवाय या ओळीवर सही करू नका. स्वखर्चाचा उदारपणा कुठून आला ते मोजल्यावर कळेल.

ठरवायला वेळ लागेल, लागू दे. दरम्यान पावसाळ्याआधी तीन कामं उरका. मागच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा जमिनीपासून निदान तीन फुटांपर्यंत खरवडून काढा आणि भिंत तशीच उघडी वाळू द्या. कुरूप दिसेल. उन्हाळाभर वाळली की मग चुन्याचा हात, आणि चुना चांगला मुरवलेला. न्हाणीचं पाणी बंद पाइपातून भिंतीपासून लांब न्या. दुसरं, चौकाच्या वळचणीची पन्हळ एका जागी फुटली आहे, तिच्याखालचे वासे काळे पडलेत. हजारभर रुपयांच्या पत्र्यासाठी अख्खा कोपरा घालवू नका. तिसरं वायरिंग. माडीत कापडी वेष्टणाची जुनी वायर कडीवरून खिळ्यांनी मारलेली आहे आणि तिच्यावर आता गिझर चालतो. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा वीज नव्हती. आज वाड्यांना आगीची भीती सगळ्यात जास्त याच बाजूने असते. पूर्ण वायरिंग बदला, पाइपातून घ्या, एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवा.

ऑडिटचा तो अहवाल कुठेही दाखल करण्याआधी लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरचं दुसरं मत घ्या. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस एकदा निघाली की घरातली चर्चा संपते आणि वकिलांची सुरू होते. विकास आराखड्यात तुमच्या गल्लीवर रस्तारुंदीची रेघ आहे का तेही पाहून घ्या. असेल तर ओसरीचं काय होणार हे आत्ताच कळलेलं बरं. आणि काहीही ठरो, वाडा मोजून घ्या. खण-खण, प्रत्येक खांबाला नंबर, प्रत्येक दाराचा फोटो. आर्किटेक्चर कॉलेजची मुलं असलं काम आवडीने करतात, दुपारचं जेवण घातलंत तर दोनदा येतील.

मोठ्या दिरांना सांगा, १८१८ नंतरच्या घराबद्दलही भांडता येतं.

प्रश्न : शनिवारवाड्याच्या अगदी मागे आमचं जुनं घर आहे. कौलं उतरवून वासे बदलायचे आहेत. कुणी म्हणतं, काहीच करता येणार नाही. खरं आहे का? – एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : निम्मं खरं. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. २०१० साली दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच. अंतर दिल्ली दरवाज्यापासून नव्हे, हद्दीपासून मोजायचं. पण आहे त्या घराची दुरुस्ती म्हणजे नवं बांधकाम नव्हे, तिच्यासाठी रीतसर परवानगी मागता येते. अर्जासोबत आजच्या छपराचे सगळ्या बाजूंनी फोटो, वाशांची मापं आणि ‘उंची, उतार, कौल जसं आहे तसंच राहील’ हे स्पष्ट लिहा. कौलं उतरवलेलं घर परवानगीची वाट पाहत पावसात उभं राहिलेलं मी पाहिलंय, तेव्हा कागद हातात आल्याशिवाय एकही कौल काढू नका. तोवर ताडपत्री.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या दाराला दरवर्षी व्हार्निश मारतो, तरी पोपडे निघतात. काय करावं? – एक वाचक, नाना पेठ

उत्तर : मारणं थांबवा. जुने थर उतरवा (खरवडून, भाजून नव्हे), लाकूड कोरडं होऊ द्या आणि जवसाचं तेल, सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते, फडक्याने चोळून लावा. पातळ हात, दोन-तीनदा, मधे सुकायला दिवस द्या. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून मगच फेका.

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना लावायला जुन्या वाड्याचे दोन सागवानी खांब विकत घेतले. विकणाऱ्याला ते कुठले आहेत हे ठाऊक नाही. खांबांना बारीक भोकं आहेत. घरातल्या बाकीच्या फर्निचरला धोका आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : खांबाखाली काळा कागद पसरून पंधरा दिवस ठेवा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर भुंगेरा जिवंत आहे. मग घरात आणण्याआधी कीडनाशकाचं काम जाणकाराकडून करून घ्या, भोकांत सुईने औषध भरावं लागतं. भुकटी पडली नाही तर भोकं जुनी, पाहुणे गेलेले. सागाचा आतला गाभा किडे सहसा खात नाहीत, बाहेरच्या फिक्या लाकडातच त्यांचा मुक्काम असतो, तेव्हा घाबरून खांब परत करू नका. फ्लॅटमधल्या फरशीवर थेट उभे करण्याऐवजी खाली दगडाची चकती द्या, पोछ्याचं पाणी लागत नाही.

आणि भिंतीला लावण्याआधी एकदा आडवे करून वरच्या टोकाचं कुसू पाहा. त्याच्या शेजारी छिन्नीच्या रेघा असतील. रेघांच्या बाजूला छोटी फुली दिसली तर कृपया मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. मी येऊन बघून जाईन, परत मागणार नाही.